धूर, विस्तव आणि कॅल्शियमचं दार

मंडळी, विषय शरीरातल्या एका पेशीचा आहे, पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून सुरुवात न्यायशास्त्रातून करतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे, असं आपण म्हणतो. विस्तव दिसत नाही, त्याची खूण दिसते. आता धुक्यालाच धूर समजलो तर? विचाराची रीत तीच, निष्कर्ष मात्र खोटा.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची बारीक बेटं आहेत. पॉल लँगरहान्सने १८६९ साली त्यांचं पहिलं वर्णन केलं. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तात साखर वाढली की ते सोडतात. पण साखर वाढली हे पेशीला कळतं कसं? तिला ना डोळा, ना जीभ.

आपल्याकडचा मामा तलाव आठवा. पारीच्या आत पाणी तुडुंब, खाली बांधी कोरडी, आणि मध्ये पाणी सोडायचं तुडूम बंद. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं, आणि बाह्य पटलात त्याची दारं असतात. ही दारं साखर ओळखत नाहीत. ती फक्त पटलावरचा विद्युतदाब ओळखतात.

तो दाब ठरवतं शेजारचं पोटॅशियमचं दार. एरवी ते उघडं असतं. पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं आणि पेशीची आतली बाजू ऋणभारित राहते. तुम्ही भात जेवलात, साखर पेशीत गेली, जळली, ऊर्जेचे रेणू म्हणजे एटीपी वाढले, की पोटॅशियमचं दार मिटतं. फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ साली हे दाखवलं. मग ऋणभार घटतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुड्या पटलाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात.

म्हणजे बघा, मिटलेलं पोटॅशियमचं दार हा धूर, साखर हा विस्तव. पेशी अनुमानच करते म्हणा ना!

आता खरी गोष्ट ऐका. ग्लायमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या तेच पोटॅशियमचं दार थेट मिटवतात, रक्तात साखर असो की नसो. पोटात अन्न असेल तर गोळी मदत करते. पण गोळी घेऊन, न जेवता, दिवसभर रोवणीला वाकलात तर? विस्तव नाही, नुसता धूर. पेशी इन्सुलिन सोडत राहते, साखर घसरते. घाम, थरथर, भूक, असंबद्ध बोलणं. लोक म्हणतात, ऊन लागलं.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि बरं वाटलं तरी दाखवाच, कारण या गोळीचा असर कित्येक तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हातारपणी आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका जास्त.

सगळ्या गोळ्या अशा नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही. म्हणून आपली गोळी कुठली, ती कधी घ्यायची आणि उपास असेल त्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. पेशीला धूर आणि धुकं यातला फरक कळत नाही. आपल्याला कळतो, तेव्हा तिच्या वाटणीचा विचार आपणच करायचा. गोळी घेतलीत ना? मग आधी जेवा, बांधीत नंतर उतरा.