संगीत शिक्षण : व्यस्त गुरूंपुढे अडचण मांडताना

हिंदुस्थानी संगीत पूर्वी गुरूच्या घरी राहून शिकले जाई. वेळापत्रक नसे, म्हणून तासाची तक्रारही नसे. 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि ठरलेल्या वेळी, वर्गात बसून शिकण्याची पद्धत रुळू लागली. आजचा विद्यार्थी या दोन्हींच्या मधोमध असतो : फी दरमहा भरायची, पण गुरूंपुढे बोलायचे मात्र जुन्या अदबीने. संकोच होतो तो बहुधा यामुळेच.

काही अडचणी थांबवून ठेवता येत नाहीत. उदाहरणार्थ, पट्टी. समजा, विद्यार्थिनी काळी पाचमध्ये गाते आणि तार सप्तकात गेली की तिचा गळा दुखतो. 'आदर' म्हणून ती गप्प राहिली, तर घसा ताणून गाण्याची सवय जडते आणि आवाजाला इजा होऊ शकते. अशा वेळी 'ही पट्टी मला जमत नाही' असे म्हणण्याऐवजी काय होते ते सांगावे : "गुरुजी, तार गंधाराला गळा दुखतो, दुसऱ्या दिवशीही आवाज बसलेला असतो. पांढरी सहा घेऊन पाहू का?" हा फक्त अर्ध्या स्वराचा उतार आहे. गुरूंना तो लगेच ऐकून ठरवता येतो, आणि निर्णयही त्यांच्याकडेच राहतो.

वेळ निवडणे महत्त्वाचे. तानपुरा जुळवताना, इतर शिष्यांसमोर किंवा मैफिलीच्या आदल्या दिवशी विषय काढू नये. "पाच मिनिटे हवी होती, केव्हा येऊ?" एवढा निरोप पुरतो. लांबलचक संदेश मात्र टाळावा; लिखाणात स्वर कळत नाही, आणि विनंती तक्रारीसारखी वाचली जाते.

दौऱ्यांमुळे तास बुडत असतील तर बुडालेल्या तासांचा हिशेब मांडू नये. त्याऐवजी राहिलेले काम सांगावे : मध्यमा पूर्णची परीक्षा जवळ आली आहे, दोन रागांचे बडे ख्याल बाकी आहेत. मग विचारावे, "तोवर ताईंकडे बसू का?" ज्येष्ठ शिष्यांकडून तालीम घेणे परंपरेला मान्य आहे, पण न विचारता दुसरीकडे शिकायला जाणे अनेक गुरूंना खटकते. फीबद्दलची शंका महिन्याच्या सुरुवातीला सरळ विचारावी.

गैरवर्तन किंवा नकोसा स्पर्श ही मात्र 'अडचण' नव्हे. तेथे वेळ पाहण्याचा किंवा शब्द तोलण्याचा प्रश्नच येत नाही. महाविद्यालयातील शिक्षक असल्यास अंतर्गत तक्रार समितीकडे थेट लेखी तक्रार करता येते.