दाबोळीची सुपर कॉन्स्टेलेशन

वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भारतीय नौदलाच्या गोव्यातील दाबोळी येथील 'हंसा' या हवाई तळाच्या सान्निध्यात, १९९८ साली उघडलेले नाविक विमानविद्येचे संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सीलँड अशी नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली विमाने तेथे उघड्या आवारात मांडलेली आहेत. लढाऊ विमानांभोवती शाळकरी मुलांची दाटी होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्याला विमानाने माणसे आणि माल वाहून नेण्याच्या कष्टाची कल्पना करावयाची असेल, त्याने त्या सर्वांहून प्रचंड असलेल्या लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशनपाशी जाऊन स्वस्थपणे उभे राहावे.

तिच्या देहात सरळ रेषा जवळजवळ नाहीच. नाक किंचित झुकलेले, पाठ मध्यभागी उंचावलेली आणि शेपटाकडचा भाग पुन्हा वर वळलेला, अशी ही आकृती डोळ्यांना अत्यंत मनोहर वाटते. पण सांगाड्याचे एक कडे दुसऱ्यासारखे नसल्यामुळे ती घडविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना त्या सौंदर्याचे मूल्य पुरेपूर मोजावे लागले असले पाहिजे. शेपटावर तीन आखूड उभे पंख आहेत, कारण एकच उंच पंख ठेवला असता तर तत्कालीन हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते. पुढच्या चाकाचा दांडा इतका लांब आणि सडपातळ आहे, तो मोठ्या प्रोपेलरांची पाती जमिनीला लागू नयेत म्हणून. चारही इंजिनांत प्रत्येकी अठरा सिलिंडर, आणि बाहेर पडणाऱ्या तप्त वायूची शक्ती वाया न घालवता ती पुन्हा इंजिनाच्या दंडाला पुरविणाऱ्या तीन-तीन टर्बाइन! पिस्टन इंजिनाची विद्या ज्या शिखराला पोहोचली, ते शिखर हेच. त्यापुढे जेटचे युग सुरू झाले.

विमानाच्या कुशीतील दार पाहण्यासाठी मान वर करावी लागते. प्रवाशांसाठी शिडी लावली की काम भागते. परंतु लष्करी सामान त्या उंबरठ्यापर्यंत उचलणे, तेथून ते आत वळवणे आणि विमानाचा तोल पुढेमागे ढळणार नाही अशा रीतीने त्याची वाटणी करून ते जखडून टाकणे, हे किती जिकिरीचे काम असेल, ते या दाराखाली उभे राहिल्यावरच उमगते. एएन-१२ किंवा सी-१३० यांसारख्या खास लष्करी मालवाहू विमानांचे पोट जमिनीलगत आणि दार मागच्या बाजूस का केले गेले, याचे स्पष्टीकरण मला कोणत्याही पुस्तकापेक्षा या विमानाने अधिक चांगले दिले.

एअर इंडियाच्या ताफ्यात 'राणी' या उपाधीने मिरवलेली ही विमाने पुढे हवाई दलाच्या सुपूर्द झाली. पुण्याच्या लोहगाव तळाशी ज्याचा दीर्घकाळ संबंध होता, त्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांच्याकडून वाहतुकीची व समुद्रावरील टेहळणीची कामगिरी करून घेतली. आणि १९७६ साली टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली, तेव्हा ती दाबोळीस तैनात झाली.

दाबोळीच्या धावपट्टीने मात्र याच जातीचे एक विमान त्यापूर्वीच, आणि फार निराळ्या प्रसंगी, पाहिलेले होते. गोवा मुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय हवाई दलाच्या पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बाँबवर्षाव केला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, असा हुकूम असल्याने तेथे उभी असलेली दोन पोर्तुगीज वाहतूक विमाने बचावली, आणि रात्री खड्डे घाईघाईने बुजवून उरलेल्या तोकड्या पट्टीवरून ती कराचीकडे निसटली. त्यांतील एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. ज्या भूमीवरून पोर्तुगीजांची कॉन्स्टेलेशन पळाली, त्याच भूमीवर आज भारताची कॉन्स्टेलेशन विसावलेली आहे, हा योग गोव्याच्या इतिहासात मला फार अर्थपूर्ण वाटतो.

तिच्या पोटाखाली वाकून पाहिले असता, काही रिव्हेटांभोवती लोणा लागलेल्या भिंतीसारखी पांढरी भुकटी दिसली. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियम असेच खाल्ले जाते. गोड्या पाण्याने धुणे, निचऱ्याची छिद्रे मोकळी राखणे, इंजिनांची तोंडे पाखरांपासून झाकणे, रंगाचे पोपडे खरवडून नवा हात देणे, हे कंटाळवाणे काम जी माणसे करतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण कोकणकिनाऱ्याच्या पावसापुढे केवळ रंगाचा टिकाव लागणे कठीण. निदान या एका विमानावर पक्के छप्पर उभारण्याची तजवीज व्हावी, आणि त्याचा खर्च केवळ नौदलाच्या खात्यावर न टाकता गोव्यातील व महाराष्ट्रातील विमानप्रेमी नागरिकांनी त्यात आपला वाटा उचलावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.