घरातली वीज – लेखांक ६ : खोली तापवायची की माणूस?

निफाड-नाशिककडे किंवा विदर्भात पारा दहाच्या खाली उतरला की इलेक्ट्रिकच्या दुकानांत हीटरचे खोके पुढे येतात आणि दुकानदार हमखास सांगतो, "ऑइलवाला घ्या, वीज कमी खातो." यात तथ्य नाही. हीटर कॉइलचा असो, पंख्याचा असो की तेलाचा, एका युनिटातून उष्णता निघते ती सारखीच. ऑइलवाला उशिरा तापतो, उशिरा निवतो आणि थर्मोस्टॅट असेल तर मधूनमधून थांबतो, इतकंच.

दोन हजार वॅटचा हीटर पूर्ण जोराने चालला तर तासाला दोन युनिटं घेतो. रोज चार तास म्हणजे महिन्याला २४०. एरवी ९० युनिटांत भागणारं घर एकदम ३३० वर जातं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. शंभर ओलांडले की सगळं बिल चढ्या दराने लागतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, चढा दर वरच्या युनिटांनाच लागतो. पण हीटरची युनिटं नेमकी तीच! या घरातल्या २४० पैकी जेमतेम दहा स्वस्त टप्प्यात बसतात.

एवढा खर्च करून खोली तरी ऊबदार राहते का? आपली घरं उकाड्याचा विचार करून बांधलेली. वर झरोका, दाराखाली बोटभर फट, खिडकीची काच पातळ. पत्र्याच्या घराचं तर विचारूच नका. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे आतल्या बाजूने थेंब टपकतात ते घरातल्याच वाफेचं पाणी. अशा घरात हीटरआधी पत्र्याखाली छत मारून घ्यावं, ते उन्हाळ्यातही कामाला येतं. मराठवाड्यातल्या माळवदांना हा प्रश्न कधी पडला नाही. मातीचा जाड थर दिवसभराचं ऊन पोटात घेतो आणि रात्री हळूहळू सोडतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: आपल्याकडच्या थंडीत खोलीच्या नादी लागू नये, माणूस ऊबदार ठेवावा. वाकळ घ्या. जुन्या लुगड्यांचे चार-सहा पदर, त्यांवर काठापासून आत आत जाणारे धावदोऱ्याचे टाके. ऊब धरते ती पदरांमध्ये अडकलेली हवा. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी बऱ्या. खालून येणारा गारवा मात्र लोक विसरतात. शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी टाकून वर दोन रजया घेतल्या तरी पाठ गारच राहते. आजीआजोबांसाठी विजेचं ब्लँकेट हवंच असेल तर ते साधारण शंभर वॅटचं असतं. रात्रभर चालू ठेवलं तरी युनिटभरही वीज लागत नाही. फक्त ते घडी घालून वापरू नये.

एका गोष्टीत काटकसर नको. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्याला कळतही नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, तिथला झरोका थंडी वाजते म्हणून बुजवू नये.

गिझरचा हिशेब पुढच्या आठवड्यात. तोवर जुनी बिलं चाळून गेल्या जानेवारीची युनिटं शोधून ठेवा, ती लागतील.