लेकरू सायकलवर कोठे बसवावे?

वसंतातल्या या व्यासपीठावरून मोठमोठे विषय मांडले जातात. आमचा विषय लहान आहे. सायकलवरून मूल न्यायचे तर त्याला कोठे बसवावे आणि कशावर बसवावे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. हल्ली रस्त्यावर मोटारसायकली फार झाल्या हे खरे. परंतु पहाटे कामावर निघताना लेकराला अंगणवाडीत सोडणारा बाप आणि शाळेची सायकल घेऊन धाकट्या भावंडाला मागे बसवणारी पोरगी आमच्या मुरुडात अजूनही दिसते. ज्याच्याकडे दुसरे वाहन नाही त्याच्यासाठी हा विषय लहान नाही.

आम्ही हा धडा पुस्तकातून शिकलो नाही. १९९९ साली आम्ही डाळ-गिरण्यांतल्या कामगारांच्या सभांसाठी सायकलवरून हिंडत असू. थोरला मुलगा तेव्हा चार वर्षांचा. एके दिवशी त्याला मागे कॅरेजवर बसवले, ‘पाय लांब धर’ म्हणून बजावले आणि निघालो. वाटेत त्याला डुलकी लागली, पाय सैल पडला आणि टाच चाकात गेली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आम्ही त्यालाच रागावत होतो, “किती वेळा सांगितलं होतं!” त्यावर आमच्या घरच्यांनी एकच प्रश्न विचारला. “गिरणीत माणसाचा हात पट्ट्यात गेला, तर तुम्ही मालकाला म्हणता जाळी कुठंय. अन् इथं लेकराला बोलता?”

आम्ही गप्प झालो. आयुष्यभर जे वाक्य मुकादमाच्या तोंडून ऐकले आणि ज्याच्याशी भांडलो, तेच आम्ही स्वतःच्या मुलाला ऐकवत होतो. यंत्राच्या फिरत्या भागाला भक्कम आडोसा असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने सांगितले. कामगार दमतो, पेंगतो, त्याचे लक्ष उडते, हे गृहीत धरूनच तो आडोसा असतो. मग चार वर्षांच्या मुलाकडून आम्ही कामगारापेक्षा अधिक सावधपणाची अपेक्षा का करावी?

सायकलचे चाक हे फिरते यंत्रच आहे. थोडा हिशेब करू. आपल्या साध्या काळ्या सायकलचे चाक २८ इंची, म्हणजे एका फेऱ्यात ते सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. ताशी १२ किलोमीटर हा सावकाश वेग झाला, तरी चाक सेकंदाला दीड फेरा घेते. मागच्या चाकाला ४० तारा असतील, तर एका सेकंदात एका जागेवरून ६० तारा जातात. त्यात गेलेला पाय तारांसोबत ओढला जातो आणि सायकलच्या सांगाड्यात चिमटला जातो. बापाने ब्रेक दाबेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

म्हणून आमचे सांगणे एका वाक्याचे आहे. खुर्ची घेताना गादी पाहू नका, आधी पाय पाहा. मुलाचा पाय कोठे राहील, आणि मूल झोपले तरी तो तेथेच राहील का?

आता जागा तीन. पहिली दांडीवरची. पुष्कळ जण दांडीला टॉवेल गुंडाळून मुलाला आडवे बसवतात. दोन्ही पाय एका बाजूला, तेही पुढच्या चाकाशेजारी, आणि टेकायला काही नाही. हे टाळावे. दांडीला आवळून बसवायची लहान खुर्ची मिळते. तिला दोन्ही बाजूंना पावले ठेवायला जागा आणि पट्टा असेल तर ती बरी. मूल आपल्या दोन हातांमध्ये, डोळ्यांसमोर राहते. मात्र हँडल पूर्ण वळवून पाहावे, मुलाचा पाय चिमट्यात सापडता कामा नये.

दुसरी जागा हँडलची. हँडलला आकड्यांनी अडकवलेल्या खुर्चीत मूल जरा हलले की हँडलही वळते. कच्च्या रस्त्यावर तोल सांभाळणे अवघड होते. ही आम्ही सुचवीत नाही.

तिसरी जागा मागची, आणि जरा मोठ्या मुलासाठी हीच योग्य. पण नुसते कॅरेज म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्चीला डोक्यापर्यंत उंच पाठ हवी, खांद्यावरून येणारा पट्टा हवा, पावले बांधता येतील अशा पायऱ्या हव्यात, आणि पाय व चाक यांच्यामध्ये सलग आडोसा हवा. युरोपातल्या प्रमाणाप्रमाणे मागच्या खुर्चीत ९ ते २२ किलोचे आणि पुढच्या खुर्चीत १५ किलोपर्यंतचे मूल बसवावे. वर्षाचे मूल साधारण ९ किलोचे असते. जे अजून स्वतःच्या बळावर नीट बसत नाही, मान सावरत नाही, ते सायकलवर नेऊच नये.

तयार खुर्ची परवडत नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येते. त्याला चार गोष्टी सांगाव्यात. मुलाचा भार मागच्या चाकाच्या आसाच्या वर किंवा पुढे यावा. फार मागे गेला तर पुढचे चाक हलके होते आणि चढावर उचलते. खुर्ची कॅरेजला नटबोल्टने आवळावी, सुतळीने बांधू नये. कॅरेजच पातळ सळईचे असेल तर आधी ते बदलावे. चाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी बसवावी, मुलाचे बोट आत जाणार नाही इतकी बारीक. आणि आपल्या सीटखालच्या स्प्रिंगा झाकाव्यात, कारण समोर बसलेले मूल हाताने धरते ते नेमके तेथेच.

रोज निघताना पट्टा, नट, हवा आणि ब्रेक पाहावेत. ओझे वाढले की सायकल उशिरा थांबते. पदर, ओढणी, शालीचे टोक लोंबू देऊ नये. मुलाच्या डोक्यावर मापाचे हेल्मेट असावे. आणि एक चूक तर कधीच करू नये. मूल खुर्चीत ठेवून सायकल स्टँडवर लावून दुकानात जाऊ नये. मूल हलले की उभी सायकलही आडवी होते. आधी मूल उतरवावे, मग स्टँड लावावा.

एवढे करूनही पाय अडकलाच, तर ओढू नये. सायकल थांबवून चाक हलकेच उलटे फिरवावे, गरज पडल्यास तारा कापाव्यात. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापड बांधून डॉक्टरकडे जावे. पहिल्या दिवशी ती खरचटल्यासारखी दिसते, पण चिरडलेली कातडी दोन-चार दिवसांनी काळी पडू शकते, आणि हाडाला इजा असू शकते. हळद किंवा तंबाखू दाबून घरी बसू नये.

आमच्या मुलाची टाच बरी झाली. त्याला आज स्वतःची मुलगी आहे. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून तिची खुर्ची सायकलला बसवली. ती बसली आणि पाय हलवू लागली. आम्ही तिला पाय लांब धर म्हणून सांगितले नाही. ते सांगायचे काम जाळीवर सोपवले.