चिनी अक्षरांत खरोखर बायबलची गोष्ट दडली आहे का?

चिनी लिपीत जहाजासाठी जे अक्षर आहे त्याच्या डाव्या बाजूला ‘नाव’ आहे. उजव्या बाजूला वर ‘आठ’ या आकड्यासारखी खूण आहे आणि खाली ‘तोंड’ आहे. बायबलच्या कथेत जलप्रलयातून नोहाच्या तारवात आठ माणसे वाचली. आपणही घरातल्या माणसांना ‘खाणारी तोंडे’ म्हणतोच. त्यामुळे नाव, आठ आणि तोंड यांची जुळणी करून सांगितले जाते की चिनी लोकांच्या पूर्वजांना बायबलमधला देव ठाऊक होता, तोच त्यांचा मूळ देव आणि बुद्ध मागाहून आला.

चिनी भाषा येत नसेल तर या दाव्याला चटकन उत्तर सुचत नाही. म्हणून तो तपासून पाहू. पूर्वज पळवण्याचा हा प्रकार बौद्धांना नवा नाही, त्यामुळे ही तपासणी आपल्याही कामाची आहे.

दावा कुठून आला?

सतराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये गेलेल्या जोआकिम बुव्हे या जेझुइट धर्मगुरूने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी प्राचीन चिनी ग्रंथांत ख्रिस्ती सत्य सांकेतिक रूपात दडले आहे, असे मांडले. विसाव्या शतकात ही कल्पना अक्षरांच्या फोडीतून नव्याने पुढे आली. १९७९ मध्ये सी. एच. कांग आणि एथेल नेल्सन यांचे ‘द डिस्कव्हरी ऑफ जेनेसिस’ हे पुस्तक निघाले. जहाजाच्या अक्षराइतकेच ‘मनाई’ या अर्थाचे अक्षरही यासाठी नेहमी पुढे केले जाते. त्यात वर दोन झाडे आणि खाली दैवी संकेताची खूण आहे. म्हणजे एदेन बागेतली दोन झाडे आणि देवाची आज्ञा, असा अर्थ लावला जातो.

चिनी अक्षर बनते कसे?

काही चिनी अक्षरे मुळात चित्रे आहेत. परंतु पाचांपैकी चारांहून अधिक अक्षरे दोन भागांची असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा भाग फक्त उच्चार सुचवतो. उच्चारासाठी घेतलेल्या भागाचा स्वतःचा अर्थ तिथे लागू होत नाही.

जहाजाच्या अक्षरात ‘नाव’ हा अर्थाचा भाग आहे. उजवीकडचा भाग उच्चारासाठी आहे. हे आजच्या संशोधकांनी बायबलवाल्यांना उत्तर देण्यासाठी शोधून काढलेले नाही. शू शन या चिनी विद्वानाने इसवी सन १०० च्या सुमारास रचलेल्या कोशातच हे अक्षर अर्थ आणि उच्चार यांच्या जोडीने बनल्याचे म्हटले आहे. उजवीकडचा हाच भाग शिसे या धातूच्या अक्षरातही येतो, फक्त तिथे त्याच्या शेजारी ‘धातू’ची खूण असते. मग शिशातही नोहाचे कुटुंब बसले होते का?

‘मनाई’चेही तसेच. दोन झाडे म्हणजे ‘वन’, त्याचा उच्चार ‘लिन’. मनाईचा उच्चार ‘जिन’. प्राचीन काळी दोन्हींचा शेवट ‘म’ने होत असे. वनाची हीच खूण ‘भिजणे’ या अर्थाच्या अक्षरातही आहे, कारण त्याचाही उच्चार ‘लिन’च आहे. तिथे एदेन बागेचा काही संबंध लागत नाही.

हा खेळ मराठीतही खेळता येईल. ‘आठवण’ या शब्दात ‘आठ’ आहे आणि ‘वण’ आहे. तेव्हा मराठी माणसाच्या पूर्वजांना आठ जखमा झाल्या होत्या आणि त्यांचीच ते आठवण ठेवत होते, असे कोणी म्हणाले तर? मग ‘साठवण’ म्हणजे साठ वण म्हणावे लागेल! खरे तर आठवणेपासून आठवण आणि साठवणेपासून साठवण. शब्दाचे भाऊबंद शेजारी ठेवले की खोटी फोड लगेच उघडी पडते.

उद्या हीच युक्ती बुद्धावर

चिनी लिपीत ‘बुद्ध’ लिहिण्याच्या अक्षरात डावीकडे ‘माणूस’ आहे आणि उजवीकडे जो भाग आहे त्याचा स्वतंत्र अर्थ ‘नाही’ असा आहे. वरच्या पद्धतीने वाचले तर बुद्ध म्हणजे ‘माणूस नसलेला’. उद्या कोणीही म्हणेल की चिनी लोकसुद्धा बुद्धाला माणूस मानत नव्हते, देवच मानत होते. प्रत्यक्षात उजवा भाग केवळ उच्चारासाठी आहे. आज हे अक्षर ‘फो’ असे उच्चारले जाते, पण प्राचीन उच्चार ‘बुत’च्या जवळचा होता. ‘बुद्ध’ हे नाव कानाला जसे ऐकू आले तसे लिहिण्याचा तो प्रयत्न होता.

बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणे ही याच जातीची गोष्ट आहे. ‘तुमचे जे काही श्रेष्ठ आहे ते मुळात आमचेच’ असे म्हटले की समोरच्याचा इतिहासच उरत नाही. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारणारी स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. जो अन्याय आपण आपल्यावर होऊ देत नाही, तो चिनी लोकांच्या पूर्वजांवर झाला तरी अन्यायच आहे.

खरे वाचन कसे होते?

हा प्रश्न ख्रिस्ती विरुद्ध बौद्ध असा नाही. गिरगावात १८३२ मध्ये शाळा काढणारे आणि ज्यांच्या नावाने आज चौपाटीवर विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन ख्रिस्ती मिशनरीच होते. १८३५ मध्ये ते गिरनारला गेले. तिथल्या शिलालेखाची कापडावर घेतलेली नक्कल त्यांनी कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठवली. प्रिन्सेप यांना सांचीच्या अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे दिसली होती. ती ‘दानं’ असावीत असा त्यांनी अंदाज केला आणि तो इतर लेखांवर ताडून पाहिला. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. गिरनारच्या लेखात पुढे अंतियोक या ग्रीक राजाचे नाव सापडले आणि अशोकाचा काळ पक्का व्हायला मदत झाली.

याच ज्ञानाच्या बळावर भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यात सापडलेला दगड अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आहे हे ओळखता आले. तो फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ब्राह्मी शिकलेला कोणत्याही धर्माचा माणूस तो वाचो, वाचन एकच येते. चिनी अक्षरांतली बायबलची गोष्ट मात्र आधीपासून ती गोष्ट शोधत असलेल्यालाच सापडते.

आपल्या घरातली तपासणी

आता आपल्याकडे वळू. नुसत्या नादसाम्यावरून अमुक गाव, अमुक देवता, अमुक सण ‘मूळचे बौद्धच’ असे सांगणारे मजकूर आपणही पुढे पाठवतो. बौद्ध वारसा खरोखर दडपला गेला आहे. त्याचे पुरावे लेण्यांत, स्तूपांत, शिलालेखांत आहेत. पण खऱ्या दाव्याशेजारी कच्चा दावा ठेवला की विरोधक कच्चाच उचलतो आणि त्याच्याबरोबर खराही मोडीत काढतो.

‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपला सिद्धान्त अंतिम शब्द असल्याचा दावा केला नाही. पुरावे समोर ठेवून वाचकांनी तो तपासावा अशी अपेक्षा ठेवली. कालाम सुत्तात तथागतांनीही केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका असेच सांगितले.

तेव्हा असा मजकूर आला की पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारू या. या शब्दाचे किंवा अक्षराचे जुने रूप काय होते? हीच फोड त्याच्या भाऊबंदांना लावली तर टिकते का? आणि जुळणारी उदाहरणे दाखवताना न जुळणारी किती बाजूला टाकली? या तीन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर तो दावा आपल्या बाजूचा असला तरी पाठवू नये.