रॉक गिटारमधील भावदर्शक वादनतंत्रे : एका गाण्याच्या आधारे अभ्यास

१. प्रास्ताविक

गिटार शिकणारे बहुतेक विद्यार्थी एका ठरावीक टप्प्यावर अडतात. सहा-सात कॉर्ड येतात, गाण्याला साथ करता येते. मात्र सोलो वाजवायला घेतला की पडदे बरोबर, स्वर बरोबर, तरीही वादन कोरडे वाटते. अनेक जण इथेच 'आपल्या हातात ते नाही' असे ठरवून गिटार कपाटावर ठेवून देतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. उणीव असते ती एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे कसे जावे या ज्ञानाची, आणि ते शिकता येते.

हे टिपण लिहिताना डोळ्यांसमोर रायपूरच्या तात्यापाऱ्यातला विद्यार्थी आहे. छत्तीसगडात भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबे स्थिरावली. तात्यापारा ही त्यांची रायपुरातली जुनी वस्ती. अशा घरात नाट्यगीत, भजन, पेटी कानावर पडलेली असते आणि मोबाइलवर रॉक वाजत असते. या दोन गोष्टी परक्या आहेत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात मींड ओळखणारा कान हेच रॉक गिटार शिकण्याचे मोठे भांडवल आहे.

अभ्यासासाठी आपण बीटल्सचे 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे गाणे घेऊ.

२. गाण्याची पार्श्वभूमी

हे गाणे जॉर्ज हॅरिसन यांनी लिहिले. सप्टेंबर १९६६ मध्ये ते मुंबईत आले आणि पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत त्यांनी भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षी हे गाणे तयार झाले. ६ सप्टेंबर १९६८ रोजी हॅरिसन यांनी आपले मित्र एरिक क्लॅप्टन यांना लंडनच्या स्टुडिओत बोलावले आणि प्रमुख गिटार त्यांच्याकडून वाजवून घेतली. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी गाणे 'द बीटल्स' या अल्बममध्ये प्रसिद्ध झाले. हाच अल्बम 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखला जातो.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. मुद्रणानंतर यंत्राने टेपच्या वेगात सूक्ष्म चढउतार करून क्लॅप्टन यांच्या गिटारचा आवाज डोलता केला गेला. त्यामुळे केवळ बोटांनी हुबेहूब तोच आवाज येणार नाही. तो आला नाही म्हणून निराश होऊ नये.

३. स्वररचना

गाण्याचा मुख्य भाग ए मायनरमध्ये आहे. ए हा षड्ज मानू. पहिल्या चार मात्राखंडांत खर्जातला स्वर पायरी-पायरीने उतरतो : ए, जी, एफ शार्प, एफ. आपल्या भाषेत षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत. शेवटच्या दोन पायऱ्यांत धैवत शुद्धाचा कोमल होतो, आणि गाण्यातली हुरहूर मुख्यतः तिथे आहे. मधल्या भागात गाणे ए मेजरमध्ये जाते, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि क्षणभर उजेड पडल्यासारखे वाटते.

सोलोचा सराव ए मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांत करू : ए, सी, डी, ई, जी. म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे हेच स्वर आहेत. पाचव्या पडद्यावर तर्जनी ठेवली की वरच्या तीन तारांवर ते असे मिळतात :

तिसरी तार : पाचवा पडदा सी, सातवा डी.
दुसरी तार : पाचवा पडदा ई, आठवा जी.
पहिली तार : पाचवा पडदा ए, आठवा सी.

४. तंत्रे

अ) बेंड. दाबलेली तार आडवी ढकलून स्वर चढवणे म्हणजे बेंड. सतारीतल्या मींडेचा हा जवळचा नातेवाईक. सतारीवर एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड घेता येते, तर गिटारवर साधारणपणे एक ते दीड स्वराचा पल्ला मिळतो.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण एका स्वराने चढायचे तर कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढावी लागते, म्हणजे ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. एकट्या बोटाला हे झेपत नाही. म्हणून अनामिकेने स्वर दाबावा, तिच्या मागे मधले बोट आधाराला ठेवावे, अंगठा गिटारच्या मानेवरून थोडा वर आणावा आणि किल्ली फिरवल्यासारखे मनगट वळवावे. जोर मनगटाचा असतो, बोटे फक्त तार धरून ठेवतात. जाड तारांच्या अकूस्टिक गिटारवर आधी अर्ध्या स्वराचे बेंड करावेत. तिथे तिसऱ्या तारेवर बहुधा वेटोळे असते आणि ती सहज वळत नाही.

बेंडची खरी परीक्षा सुरेलपणाची आहे. सराव असा करावा. दुसऱ्या तारेचा पाचवा पडदा वाजवा, हा पंचम. तो गुणगुणा. आता तिसऱ्या तारेचा सातवा पडदा, म्हणजे मध्यम, वाजवून पंचमापर्यंत चढवा. नंतर दोन्ही तारा एकदम छेडा. स्वर जवळ आला पण जुळला नसेल तर आवाजात लहरी ऐकू येतील. त्या मंदावत जाऊन थांबल्या की स्वर लागला. तानपुरा जुळवताना आपण हेच ऐकतो. असाच सराव दुसऱ्या तारेच्या आठव्या पडद्यावर करा. तिथे कोमल निषादावरून षड्जावर जायचे आणि पडताळा पहिल्या तारेच्या पाचव्या पडद्याशी घ्यायचा.

आ) रिलीज. चढवलेला स्वर आवाज न तोडता मूळ जागी आणणे. उतरणीचा वेग आपल्या ताब्यात हवा. पुढची पायरी म्हणजे तार आधीच ताणून मग छेडणे आणि हळू सोडणे. ऐकणाऱ्याला फक्त उतरता स्वर ऐकू येतो, आणि तो सुस्काऱ्यासारखा वाटतो. इथे कानाला आधी आधार मिळत नाही, म्हणून किती ताणायचे हे हाताने लक्षात ठेवावे लागते.

इ) व्हायब्रेटो. टिकवलेल्या स्वराला दिलेले नियमित आंदोलन. साध्या दाबलेल्या स्वरावर तार ढकलून व्हायब्रेटो घेतला तर स्वर मूळ जागेच्या फक्त वर जातो आणि परत येतो. बेंड केलेल्या स्वरावर उलट घडते : तो किंचित उतरतो आणि पुन्हा चढतो. दोन्ही वेळा नेमक्या स्वरावर परतणे हा मुख्य नियम. स्वर लागल्याबरोबर हलवू नये. आधी तो स्थिर ऐकू द्यावा, मग आंदोलन सुरू करावे. सुरुवातीला एका मात्रेत दोन आंदोलने पुरेत.

ई) स्लाइड, हॅमर-ऑन, पुल-ऑफ. दाब न सोडता बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेणे म्हणजे स्लाइड. सतार-सरोदवादक याला घसीट म्हणतात. उजव्या हाताने न छेडता डाव्या बोटाच्या आघाताने वरचा स्वर काढणे हॅमर-ऑन, आणि बोट तारेला किंचित ओढून उचलत खालचा स्वर काढणे पुल-ऑफ. सतारीतले कृंतन याच जातीचे. या तिन्हींमुळे स्वर एका श्वासात म्हटल्यासारखे जोडले जातात.

५. एक प्रयोग : तोच स्वर, चार भाव

खर्जातले चार स्वर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा : मोकळी पाचवी तार, मग सहाव्या तारेचा तिसरा, दुसरा आणि पहिला पडदा. प्रत्येकी चार मात्रा, हे पाच-सहा वेळा. आता त्यावर प्रत्येक खर्जस्वराच्या सुरुवातीला मध्यमावरून पंचमाचे तेच एक बेंड वाजवा.

तुमच्या बोटांनी काहीही बदललेले नाही, तरी ऐकू येणारे बदलते. षड्जावर पंचम निवांत बसतो. कोमल निषादावर तो मोकळा वाटतो. शुद्ध धैवतावर तो पुढे जाण्याची वाट पाहतो. कोमल धैवतावर तो सर्वांत बोचतो, कारण कोमल धैवत आणि पंचम हे अगदी शेजारचे स्वर आहेत. म्हणजे भाव बेंडमध्ये साठवलेला नसतो. बेंड आणि त्याच्याखालचा स्वर यांच्या नात्यातून तो निर्माण होतो. म्हणूनच पाठ केलेली सरगम भरभर वाजवून सोलो होत नाही. खाली काय चालले आहे ते ऐकावे लागते.

६. नेहमीच्या चुका

बेंड अर्धवट सोडणे ही सर्वांत मोठी चूक. पाव स्वर कमी पडला तरी वादन बेसूर होते. शेजारच्या तारा न दाबल्यामुळे कर्कश आवाज येतो. मोकळ्या बोटांनी आणि उजव्या तळव्याने त्या शांत ठेवाव्यात. प्रत्येक स्वरावर व्हायब्रेटो देऊ नये. बोटांची टोके दुखणे सुरुवातीला स्वाभाविक आहे, पण मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्या दिवशी थांबावे.

७. स्वाध्याय

१) वरील दोन बेंड रोज दहा-दहा वेळा वाजवा, मुद्रण करून ऐका आणि किती सुरात लागले ते वहीत लिहा.
२) गाण्यातला सोलो गिटार न घेता ऐका आणि गळ्याने म्हणा. जे गळ्यातून येते तेच पुढे बोटांतून काढणे सोपे जाते.
३) फक्त तीन स्वर वापरून, प्रयोगातल्या खर्जावर चार मात्राखंडांचा स्वतःचा सोलो रचा. त्यात निदान एक पूर्ण मात्राखंड शांतता ठेवा.
४) एखादी मींड ऐकून ठेवलेली असेल तर ती गिटारवर उतरवून पाहा. कुठे पल्ला अपुरा पडतो आणि तिथे स्लाइडची मदत कशी घेता येते, याची नोंद करा.