भाकड कुत्रीला कोण पोसणार?

यंदा रोवणीची कामे आटोपत आली होती. पऱ्ह्यांवरील करपा पाहण्यासाठी आमगावच्या बाजूला एका गावी गेलो होतो. बांधीतून वर आलो, पाय धुतले, तोच घरचा तरुण मुलगा म्हणाला, "साहेब, जरा मागे येता का? एक गोष्ट दाखवायची आहे."

मागे म्हणजे परसात. तिथे ब्रॉयलर कोंबड्यांची शेड रिकामी उभी होती. २०२० साली कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा उठली आणि भाव कोसळले, तेव्हापासून ती बंदच. जाळीवर वेल चढले होते. मुलाच्या हातात वही होती आणि वहीत हिशेब मांडलेला होता. दहा लॅब्राडोर माद्या, एकीची वर्षाला दोन वेते, एका वेताला सहा पिल्ले. एकूण १२० पिल्ले. पुढे एका पिल्लाचा भाव आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेली भलीमोठी रक्कम.

"धानावर आता काही भागत नाही, साहेब. शेड आहे, जागा आहे. कसं वाटते?"

वाचकहो, जोडधंदा करू नका असे सांगणारा मी माणूस नव्हे. तीस वर्षे मी गावोगाव जोडधंदेच सांगत आलो. शेळ्या सांगितल्या, बोडीतले मासे सांगितले, अळिंबी सांगितली. पण ही वही पाहून मला काही वर्षांपूर्वीची दुसरी एक शेड आठवली. तिच्याविषयी मी आजवर कोठे लिहिले नाही, कारण त्यात माझीही चूक आहे.

ती शेड दुसऱ्या तालुक्यात होती. गाव आणि माणूस सांगत नाही. मी गेलो होतो मातीचे नमुने घ्यायला. शेडजवळ पोहोचण्यापूर्वीच वास आला. मुताचा तो झोंबरा वास डोळ्यांना लागत होता. आत दहा-बारा माद्या होत्या. तळाला सिमेंटऐवजी जाळी टाकलेली, म्हणजे घाण खाली पडावी आणि झाडायला मजूर लागू नये. त्या जाळीवर उभे राहून पंजे फाकले होते, नखे वाढून वळली होती. आचळे लोंबत होती. प्लॅस्टिकचा डबा कापून त्यात पाणी ठेवले होते, त्यावर हिरवे शेवाळ. एक मादी आपल्या जागी गोल गोल फिरत होती. मी तेथे पाऊण तास होतो, तेवढा वेळ ती फिरतच होती.

आता लक्ष द्या. तो शेतकरी क्रूर नव्हता. त्याची बैलजोडी मी पाहिली होती. अंगावर माशी बसू देत नसे. पोळ्याला शिंगे रंगवून, झूल घालून तो जोडी अशी सजवी की गाव पाहायला येई. त्याच माणसाच्या शेडमध्ये हे चालले होते, कारण कुत्र्यांकडे तो ब्रॉयलरच्या नजरेने पाहत होता. लॉट आला, लॉट गेला. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकला जातो, शेड रिकामी होते, चुना मारून पुढचा लॉट. कोंबडी म्हातारी होईपर्यंत कोणी तिला पोसत नाही. कुत्री मात्र बारा-तेरा वर्षे जगते.

मी काय केले? नमुने घेतले, चहा प्यालो आणि निघालो. आपण कृषी खात्याचे, हा विषय पशुसंवर्धनाचा, असे मनाला सांगितले. त्याच पावसाळ्यात तेथे पार्व्हो रोग शिरला. रक्ताची हगवण लागून पिल्लांचे दोन लॉट गेले. शेडवाल्याने फिनाईलने जमीन धुतली. फिनाईलला हा विषाणू दाद देत नाही. त्याला ब्लीचिंग पावडरचे पाणी लागते, आणि मातीत तो महिनोन् महिने टिकून राहतो. हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही नाही. दिवाळीनंतर शेड बंद झाली. माद्या कोठे गेल्या हे मी विचारले नाही.

त्या हिवाळ्यात कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाताना जंगलरस्त्याच्या कडेला एक पिवळी लॅब्राडोर मादी बसलेली दिसली. आचळे लोंबलेली, कोपरांना घट्टे. गळ्यात पट्ट्याचा वण होता, पट्टा नव्हता. ती त्याच शेडमधली असे मी म्हणत नाही. पण मोटरसायकल थांबवली तर ती पळालीही नाही, जवळही आली नाही. नुसती पाहत राहिली. जन्मभर जाळीवर राहिलेल्या जनावराला रस्ता म्हणजे काय आणि बिबट म्हणजे काय, हे कसे कळावे? मी तिला घरी आणली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

जंगलात कुत्री सोडणे म्हणजे केवळ त्या कुत्रीचाच घात नव्हे. आपला जिल्हा नागझिरा-नवेगावच्या वाघांचा. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ साली गीरच्या जंगलात तीन-चार आठवड्यांत २३ सिंह मेले, त्यांतल्या काहींत याच रोगाचा विषाणू सापडला. लस न टोचलेले कुत्रे रानात हाकलून देणाऱ्याला हे ठाऊक नसते. आणि जे कुत्रे रानात मरत नाही, ते गावात येते, उकिरड्यावर जगते, वेते काढते, कोणाच्या तरी पोराला चावते. पिसाळीची भीती वेगळी सांगायला नको.

वहीतली चूक

तर मी त्या मुलाला म्हणालो, "बाबू, वही दे." आणि बाजेवर बसून आम्ही हिशेब पुन्हा मांडला.

पहिली गोष्ट, हा धंदा कोणीही उठून करावा असा राहिलेला नाही. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय भरवायची नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आणि जन्मात पाचांहून अधिक नाही. आठ वर्षांनंतर भरवायची नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय विकायचे नाही. शेपूट छाटणे, कान कापणे बंद. नोंदवही ठेवायची, कोणते पिल्लू कोणाला दिले ते लिहायचे.

म्हणजे १२० पिल्लांची तेथेच ६० झाली. मेलेली वजा करा. उरलेली दोन महिने खाणार, त्यांच्या लसी, त्यांची जंताची औषधे. मुलगा भराभर आकडे खोडत होता. तेथवर त्याचा चेहरा ठीक होता.

मग मी विचारले, "पाच वेते झाली. मादी सात वर्षांची झाली. पुढे?"

तो गप्प राहिला. गाय भाकड झाली म्हणजे काय होते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. सात वर्षांची कुत्री अजून पाच-सहा वर्षे जगणार. दहा माद्यांची मिळून पन्नास-साठ वर्षांची भाकर. वहीत तो रकानाच नव्हता. मी आजवर या धंद्याचे जेवढे हिशेब पाहिले, त्यांत तो रकाना कोणाच्याच कागदावर दिसला नाही.

सूप घेऊन दारात उभी असलेली त्याची आई एवढा वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "म्हातारी गाय कोठ्यात मरते बापा. ह्या दहा जनींले कोन भाकर घालन?"

मुलगा म्हणाला, "कोणाला तरी देऊन टाकू."

"कोनाले?"

त्यावर बाजेवर कोणी बोलले नाही.

परदेशातही हे असेच घडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मध्य भागातील अडचणीत आलेल्या शेतकऱ्यांनी कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांत कुत्री पाळायला सुरुवात केली, असा इतिहास सांगतात. तिकडे अशा जागेला पिल्लांची गिरणी म्हणतात. आपल्या गोंदियाला गिरणी म्हणजे काय हे समजावणे नको. एका तोंडाने धान घाला, दुसऱ्या तोंडाने तांदूळ काढा. मिसुरी राज्यात २०१० साली लोकांनी मतदान करून एका माणसाकडे पैदाशीची ५० हून अधिक कुत्री नकोत असा कायदा केला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने ती मर्यादा काढून टाकली. इंग्लंडने दुसरी वाट धरली. २०१३ साली वेल्समधल्या अशाच एका ठिकाणाहून सोडवलेल्या लुसी नावाच्या मादीच्या नावाने तेथे कायदा झाला. एप्रिल २०२० पासून दलालामार्फत पिल्लू विकणे तेथे बंद आहे. घेणाऱ्याने जेथे पिल्लू जन्मले तेथे जायचे आणि आईसह पिल्लू पाहायचे. मला ही युक्ती आवडली. आई पाहिली की सारे कळते. म्हैस घेताना आपण तिची धार काढून पाहतोच की.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालापासून आहे. त्यात कुत्र्याचा खास उल्लेख आहे. नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या धन्याने फिरवले नाही, तर तोही गुन्हा. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे, हाही गुन्हा. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज काय येते ते तुम्हीच सांगा. तेव्हा कायद्याच्या धाकाने काही होईल अशा भरवशावर मी नाही.

एक-दोन माद्या ठेवल्या तर

मुलगा हिरमुसला. त्याला मी मुधोळची गोष्ट सांगितली. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पूर्वी ते घोरपड्यांचे मराठा संस्थान. तिथली उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री आपल्या सोलापूर-सांगलीकडे आणि मराठवाड्यात कारवानी म्हणून ओळखतात. संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली. २०१६ साली लष्कराने तिची पिल्ले मेरठला शिक्षणासाठी नेली, आणि २०२० साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचे नाव घेतल्यावर मागणी वाढली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. त्या भागात लहान शेतकऱ्यांच्या अंगणात एक-दोन माद्या असतात. त्या घरच्या पोरांबरोबर वाढतात आणि विकलेल्या पिल्लाचा पैसा हा वरकड पैसा असतो. मादी भाकड झाली तरी अंगणातून उठवायचे कारण नसते, कारण ती राखणही करते.

कोणाला असे करायचे असेल तर चार गोष्टी सांगतो. मी धानाचा माणूस, त्यामुळे यातले पुष्कळसे मी पशुवैद्यकांना विचारून शिकलो आहे.

आपल्या भागात कुत्र्याला भात आणि पेज टाकतात. गाभण मादीला तेवढ्यावर भागत नाही. दोन महिन्यांचा गाभणकाळ, त्यातल्या शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक वाढवावा. अंडी, मासळी, डाळ द्यावी. कांदा घालू नये, शिजलेली कोंबडीची हाडे टाकू नयेत. पिल्ले पीत असताना तिला दिवसातून तीन-चार वेळा खायला हवे आणि पाणी सतत समोर हवे. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत मादी धापा टाकू लागली, थरथरू लागली, पाय ताठ करू लागली, तर ते भूतबाधेचे लक्षण नव्हे. गाईला दुग्धज्वर होतो त्याचाच हा प्रकार. अंगातला कॅल्शियम दुधातून निघून जातो. पिल्ले बाजूला करून त्याच घटकेला दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

बाळंतिणीची जागा कोरडी, जमिनीपासून उचललेली असावी. खाली गोणपाट घालावे आणि रोज बदलावे. भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो. पिल्लांना जंताचे औषध दोन आठवड्यांपासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, आणि तीच पुन्हा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. दर ६ जुलैला, म्हणजे १८८५ साली पाश्चरने पहिली लस टोचली त्या दिवशी, अनेक ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखान्यांत पिसाळीच्या लसीची शिबिरे होतात. चौकशी करून ठेवावी.

आणखी एक. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसांचे हात लागले पाहिजेत. पोरांनी उचलावे, आजीने दटावावे, ट्रॅक्टरचा आवाज कानी पडावा. शेडच्या अंधारात वाढलेले पिल्लू पुढे भित्रे होते किंवा चावरे होते. आणि ज्याला गोंदियाच्या मे महिन्यात हस्की पाळायची आहे, त्याने आधी स्वतः घोंगडी पांघरून दुपारी धुऱ्यावर बसून पाहावे.

मी घरी आणलेल्या मादीचे सांगायचे राहिले. पहिले पंधरा दिवस ती अंगणातल्या मातीवर पाय ठेवीना. ओट्याच्या फरशीवर बसून राही. डॉक्टरांनी तपासले तेव्हा गर्भाशयात पू झाला होता. शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, ती वाचली. तिच्या औषधांना किती पैसे लागले ते मी त्या मुलाच्या वहीत लिहून दिले, रकान्यासकट. आता ती म्हातारी झाली आहे. डोळ्यांत मोती उतरला आहे. माझी नात तिला दोरी न बांधता तळ्यापर्यंत नेते. लोखंडी जाळी वाजली की मात्र ती अजून कोपऱ्यात जाते.

मुलाने शेडचे काय केले ते परवा कळले. अर्ध्या शेडमध्ये त्याच्या आईने शेळ्या बांधल्या आहेत. अर्धी अजून रिकामी आहे. वही त्याने फेकलेली नाही. पुढच्या सोमवारी तो दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटायला जाणार आहे, एका मादीविषयी विचारायला.